सीन दोन दाबला आणि जुनं नाट्यगृह परत आलं

पार्श्वभूमी

दोन अंकी नवं संगीत नाटक. अकरा कलाकार, नऊ पदं, आणि ऑर्गन, तबला, व्हायोलिन, कीबोर्ड असे चार साथीदार. ध्वनीची आखणी माझी. प्रयोगाला मिक्सरवर बसायचा तो पंचविशीतला एक मुलगा. कानाचा पक्का, हाताचा चपळ, आणि संहिता काही नटांपेक्षाही जास्त पाठ असलेला. त्याचं, नाटकाचं आणि हे ज्या गावात घडलं त्या गावाचं नाव इथे येणार नाही. चुकीतला निम्मा वाटा माझा आहे, तो मात्र लपवत नाही.

मिक्सर यामाहाचा क्यूएल 1. त्यात मोनो चॅनेल (एकेका आवाजाची वाट) 32, पण हाताखाली फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्या) सोळाच, शिवाय मास्टरचे दोन. आमचे बारा कॉलर माईक (अकरा अंगावर, एक विंगेत राखीव) आणि साथीदारांची सात चॅनेल, म्हणजे एकोणीस झाली. सगळी एका वेळी समोर दिसत नाहीत, लेयर, म्हणजे फेडरवर आलेला चॅनेलचा संच, बदलत राहावं लागतं. नट विंगेतून बाहेर पडतोय आणि त्याचा फेडर दुसऱ्याच लेयरवर आहे, हे नाटकात परवडत नाही. म्हणून सीन वापरायचे हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

ज्यांनी डिजिटल मिक्सर हाताळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मिक्सर या घडीला ज्या अवस्थेत आहे ती अख्खी अवस्था एका क्रमांकाखाली साठवायची, याला सीन म्हणतात. पुढे कधीही तो क्रमांक दाबला की मिक्सर पुन्हा त्या अवस्थेत जातो. कोणते माईक चालू, कोणते बंद, फेडर कुठे, ईक्यू (आवाजातला खर्ज-तार कमी-जास्त करणं), कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार आवरणारा), रिव्हर्ब (घुमारा), मॉनिटरला (नटांना ऐकवणाऱ्या स्पीकरला) किती, आणि माईकचा गेनसुद्धा, म्हणजे मिक्सरमध्ये शिरतानाच माईकचा आवाज किती वाढवायचा ते. क्यूएलमध्ये असे 300 सीन बसतात. नाटकातला प्रवेश वेगळा आणि मिक्सरमधला सीन वेगळा. एका प्रवेशात सात-आठ सीन सहज होतात. आमचे 38 झाले.

तालमीत काय झालं

हे 38 सीन मुंबईतल्या एका नाट्यगृहात, रंगीत तालमीच्या दोन रात्रींत साठवले गेले. पद्धत साधी होती. नाटक चालू ठेवायचं, आवाज जमला की थांबायचं, स्टोअर दाबायचं, पुढे जायचं. दिग्दर्शक मागे बसून म्हणायचे, "हं, हे छान आहे, हे धरून ठेव." आम्ही धरून ठेवत गेलो. प्रत्येक सीनमध्ये त्या रात्रीचा सगळा मिक्सर गेला, त्या नाट्यगृहासाठी ग्राफिक ईक्यूवर (स्पीकरला जाणाऱ्या सगळ्या आवाजाचा ईक्यू) केलेली काटछाटही गेली.

पहिले नऊ प्रयोग मुंबई-ठाण्याकडचे. स्पीकर तेच, वायरलेस तेच, नाट्यगृहंही साधारण एका अंगाची. आवाज चांगला होता, परीक्षणांत "ध्वनी स्वच्छ" असं एक-दोनदा छापूनही आलं. पण पाचव्या की सहाव्या प्रयोगानंतर ऑपरेटर मला म्हणाला होता, "दादा, मी बसवलेला आवाज पुढच्या सीनला जरा हलतो. फेडर आपोआप वर येतात." मी म्हणालो, दौऱ्याआधी बसून बघू. दौऱ्याआधी बसायला वेळ मिळाला नाही. खरं तर मिळाला होता, तो मी दुसऱ्या एका कामाला दिला.

याच सुमारास आणखी एक बदल झाला. दौऱ्यासाठी वायरलेसचा सेट दुसऱ्याकडून भाड्याने घेतला. नव्या रिसीव्हरचं आउटपुट आधीच्यापेक्षा जोरात होतं, त्यामुळे मिक्सरवर कॉलर माईकांचे गेन साधारण 8 डीबीने (डेसिबलने) उतरवावे लागणार होते. 8 डीबी ऐकायला किरकोळ वाटतात. व्होल्टेजच्या हिशेबात ती अडीच पट आहे.

प्रयोगाच्या रात्री

जिल्ह्याच्या गावातलं जुनं नाट्यगृह, रात्री साडेनऊचा प्रयोग. गाडी घाटात अडकली आणि सहा वाजता पोचली. आधी नेपथ्य लागतं, मग प्रकाश, आणि उरलेल्या वेळात ध्वनी. हा क्रम सगळीकडे तोच. आम्हाला आठ ते पावणेनऊ अशी पाऊण तास जागा मिळाली.

त्या पाऊण तासात ऑपरेटरने जे केलं ते सगळं बरोबर होतं. गेन उतरवले. नाट्यगृह 250 हर्ट्झ आणि 2.5 किलोहर्ट्झच्या आसपास घुमत होतं, तिथे ग्राफिक ईक्यूवर कापलं. साईड फिल, म्हणजे रंगमंचाच्या बाजूने नटांना ऐकवणारे स्पीकर, नटांच्या फार जवळ आले होते, म्हणून त्यांना जाणारा कॉलर माईकांचा आवाज जवळजवळ काढून टाकला आणि फक्त ऑर्गन, तबला ठेवला. मुख्य गायिकेने दोन ओळी म्हणून पाहिल्या, "ऑर्गनचा सूर मिळतोय, पुरे," म्हणाली. हे सगळं त्याने सीन 1 मध्ये साठवलं. तेवढ्यात पहिली घंटा झाली.

सीन 2 ते 38 मध्ये मुंबईच तशीच होती.

तिसरी घंटा, नांदी, पडदा. नांदीनंतर त्याने सीन 2 दाबला. मी मागच्या रांगेत उभा होतो. आवाज एकदम अंगावर आला, पण त्या वेळी रंगमंचावर दोनच नट होते आणि गद्य चालू होतं, त्यामुळे प्रेक्षकांना फक्त जोरात वाटलं असेल. ऑपरेटरने फेडर खाली घेतले. सीन 3 आला, फेडर पुन्हा वर. पुन्हा खाली घेतले. सीन 4, पुन्हा वर. हा हाताने आवाज दाबतोय आणि मिक्सरच्या मोटारी त्याच्या बोटांखालून फेडर ओढून नेतायत, हे मला मागून दिसत होतं आणि तरीही कारण लक्षात येत नव्हतं. मला वाटलं गडबडलाय.

सहाव्या सीनला पहिलं पद. चार माईक उघडे, गायिका साईड फिलच्या अगदी पुढे. गेन 8 डीबीने वर गेलेला, घुमणाऱ्या जागी कापलेलं गायब, आणि साईड फिलमध्ये तिचाच माईक पुन्हा भरपूर. तिने षड्ज लावला आणि त्याच्या डोक्यावर शिट्टी बसली, स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरला की बसते ती. चारेक सेकंद असेल. समोरच्या रांगेतल्या एका आजोबांनी दोन्ही कानांवर हात ठेवलेले मला अजून दिसतात.

त्या चार सेकंदांतले निर्णय

मी धावत मिक्सरपाशी गेलो आणि म्हणालो, "अनडू मार!" ते चुकलं होतं. क्यूएलमध्ये रिकॉल केलेला, म्हणजे दाबून परत आणलेला, सीन अनडू करता येतो, पण त्याने मिक्सर रिकॉलच्या आधीच्या अवस्थेत जातो. आणि आधीची अवस्था म्हणजे सीन 5, म्हणजे पुन्हा मुंबईच. शिवाय सीन 5 मध्ये गायिकेचा माईक बंद होता. नशीब की त्याने माझं ऐकलं नाही. त्याने साईड फिलचं आउटपुट म्यूट केलं आणि गायिकेचा फेडर अर्ध्यावर आणला. शिट्टी थांबली.

साईड फिलबरोबर ऑर्गनही गेला. गायिकेला सूर मिळेना. ऑर्गनवाले काका जाणते. त्यांनी भाता जोरात चालवला आणि तिच्या बाजूला झुकून षड्ज-पंचम धरून ठेवला. पद पार पडलं. टाळ्याही मिळाल्या, जरा जास्तच. आपले प्रेक्षक संकटात सापडलेल्या गायकाला सांभाळून घेतात.

आता पुढचा प्रश्न: पुढचा सीन दाबायचा की नाही? दाबला तर साईड फिलचं म्यूटसुद्धा निघणार, कारण तेही सीनमध्ये साठवलेलं. नाही दाबला तर पुढचे दोन नट बंद माईकने बाहेर येणार. त्याने सीन सोडले आणि हाताने मिक्स करायला घेतलं. मी शेजारी बसून लेयर बदलत राहिलो, तो फेडर. पहिला अंक आम्ही असाच काढला.

हाताने मिक्स करताना जे व्हायचं ते झालंच. खलनायकाची पहिली ओळ आवाजाविना गेली. आणि विंगेत गेलेल्या एका नटाचा माईक बंद करायचा राहिला, गंभीर विरहाच्या प्रसंगात सगळ्या प्रेक्षागृहाला ऐकू आलं, "माझा चहा कुणी उचलला रे?"

मध्यंतर

पंधरा मिनिटं. तीन वाटा समोर होत्या. पहिली, दुसरा अंकही हातानेच करायचा. दुसरी, दुसऱ्या अंकातला प्रत्येक सीन उघडून आजच्या आकड्यांनी पुन्हा साठवायचा. अठरा सीन, पंधरा मिनिटं, आणि घाईत एखाद्या सीनवर भलतंच लिहून बसण्याची भीती. तिसरी वाट रिकॉल सेफची. यात आपण मिक्सरला सांगतो की अमुक गोष्टींना कोणत्याही सीनने हात लावायचा नाही. हे सीनमध्ये काही बदलत नाही, फक्त रिकॉलच्या वेळी तेवढ्या गोष्टी जागच्या जागी राहतात.

आम्ही तिसरी घेतली, अर्धवट. आधी सीन 1 रिकॉल करून आजचे गेन, ईक्यू, साईड फिल परत आणले. मग सगळ्या चॅनेलचा गेन, मॉनिटरला जाणारे सेंड, आउटपुट आणि ग्राफिक ईक्यूचा रॅक सेफ केला. क्रम महत्त्वाचा. उलटा केला असता, म्हणजे आधी सेफ आणि मग सीन 1 रिकॉल, तर बिघडलेलेच आकडे सेफ होऊन बसले असते आणि सीन 1 त्यांना हलवू शकला नसता. ऑपरेटरचं बोट सेफच्या बटणापर्यंत गेलं होतं. तो थांबला, म्हणाला, "थांबा, आधी एक नंबर." त्या रात्रीतला सगळ्यात चांगला निर्णय तो.

दुसरा अंक सीनवर चालला आणि नीट चालला. फेडर तेवढे प्रत्येक सीनला आपल्या मर्जीने उड्या मारत होते, पण गेन खाली असल्याने शिट्टीची भीती उरली नव्हती. प्रयोग संपल्यावर गायिका विंगेत भेटली. मला वाटलं बोलणी बसणार. ती एवढंच म्हणाली, "दादा, पुढच्या वेळी शिट्टी चालेल, पण माझा ऑर्गन नेऊ नका."

नंतर विचारात घेतलेले पर्याय

पुढच्या प्रयोगाला आठ दिवस होते. व्यवस्थापकांचं म्हणणं होतं, "सीन-बीन बंद करा, पूर्वीसारखं हाताने करा." राग समजण्यासारखा होता. पण पूर्वी रंगमंचाच्या पुढच्या कडेला तीन-चार माईक आणि वर एक-दोन टांगलेले असायचे. तेव्हा हाताने करणं म्हणजे सहा फेडर होते. बारा कॉलर माईक आणि सोळा फेडर यात हाताने केलं तर त्या रात्रीच्या चहासारखे प्रसंग दर प्रयोगाला होणार.

ऑपरेटरला दर नाट्यगृहाची वेगळी फाईल हवी होती. शिवाजी मंदिरची एक, गडकरी रंगायतनची एक, बालगंधर्वची एक. ऐकायला आकर्षक आहे, आणि जिथे वर्षभर प्रयोग होतात त्या आठ-दहा ठिकाणी चालेलही. पण दिग्दर्शक दर चार प्रयोगांनी काहीतरी बदलतात. एक एन्ट्री डावीकडून उजवीकडे गेली की ती दहा फायलींत दुरुस्त करायची, आणि त्यातली एक विसरणार हे नक्की. शिवाय नव्या गावाला जाताना फाईल नसतेच.

मिक्सरमध्ये ग्लोबल पेस्टची सोय आहे: चालू सीनमधला एखादा भाग, उदाहरणार्थ सगळे गेन, एकदम हव्या तितक्या सीनवर चिकटवायचा. रोज साउंड चेकनंतर गेन आणि ईक्यू सगळ्या सीनवर चिकटवले तर काम भागलं असतं. मी या पर्यायाकडे बराच झुकलो होतो. नको म्हटलं ते एका कारणासाठी: गाडी उशिरा आली, वेळ कमी पडला, की गाळली जाते ती नेमकी शेवटची पायरी. आमचा घोळ घाईच्या दिवशी झाला होता, आणि ग्लोबल पेस्ट घाईच्या दिवशी आठवणीवर अवलंबून होतं.

उरला तो पर्याय म्हणजे सीनमधून बहुतेक सगळं काढूनच टाकायचं. सीन हा हजेरीपट मानायचा. या क्षणी कोण उपस्थित आहे एवढं तो सांगेल. कोण कसा दिसतो, कसा बोलतो, हॉल कसा आहे, यात त्याने पडायचं नाही.

काय केलं

दोन दिवस एका तालमीच्या हॉलमध्ये बसलो. सगळ्या चॅनेलचे गेन, ईक्यू, कॉम्प्रेसर, फेडर आणि मॉनिटर सेंड कायमचे सेफ केले. साथीदारांची सात चॅनेल संपूर्ण सेफ. त्यांना सीन हातच लावत नाही. सीनमध्ये ठेवलं ते एवढंच: कोणता कॉलर माईक चालू, तो कोणत्या डीसीएला जोडलेला, त्या डीसीएचं नाव, आणि मोजक्या ठिकाणी रिव्हर्ब.

डीसीए म्हणजे अनेक चॅनेलवर चालणारा एक दूरचा फेडर. क्यूएलमध्ये असे 16 आहेत. लंडनच्या वेस्ट एंड आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेच्या म्युझिकलमध्ये हीच रीत आहे: प्रत्येक सीनला, त्या क्षणी बोलणारी पात्रं पहिल्या काही डीसीएंवर येतात आणि ऑपरेटर ओळीगणिक फेडर उघडतो, मिटतो. आम्ही ती आपल्या मापाची करून घेतली. डावीकडचे सहा डीसीए पात्रांना, सातवा कोरसला, आठवा सगळ्या वादकांना. आठवा कधीच बदलत नाही, डोळे मिटून हात जाईल अशा जागी. डीसीएचे फेडर स्वतः सेफ, त्यामुळे बोटांखालून ओढून नेणाऱ्या मोटारी थांबल्या.

हॉलचं ट्यूनिंग मिक्सरमधून बाहेर काढलं. ती काटछाट आता स्पीकरच्या प्रोसेसरमध्ये होते. सीन काही केल्या तिथवर पोचू शकत नाही.

चॅनेलला नटाचं नाव होतं, ते काढून पात्राचं दिलं. हे सुचलं बदली कलाकारामुळे. पूर्वी राजाच्या भूमिकेला बदली नट आला की त्याचा ईक्यू प्रत्येक सीनमध्ये भरावा लागला असता, म्हणून भरलाच जात नव्हता. खर्जातल्या माणसाला चढ्या आवाजाच्या माणसाचा ईक्यू. आता दोघांचे ईक्यू मिक्सरच्या चॅनेल लायब्ररीत आहेत. ज्याचा प्रयोग असेल त्याचा "राजा"च्या चॅनेलवर एकदा लोड केला की काम संपलं, कारण सीन त्याला पुसत नाही.

क्रमांकांमध्ये जागा सोडल्या. पहिला अंक 10 पासून, दुसरा 110 पासून. 38 चे 27 झाले, कारण फक्त आवाज कमी-जास्त करण्यासाठी बनवलेले अकरा सीन निरर्थक ठरले. ते काम आता बोट करतं.

परिणाम, आणि दोन नवे प्रश्न

पुढचे प्रयोग सुरळीत गेले. साउंड चेक झाला की ऑपरेटर दोन्ही अंकांतले पाच-सहा सीन उलटसुलट दाबून बघतो. मिक्सरवर नावं आणि दिवे बदलतात, गेनचे आकडे जागचे हलत नाहीत, हे डोळ्यांनी पाहिल्यावरच जेवायला जातो.

पहिला नवा प्रश्न फेट्याचा. कॉलर माईक आम्ही कपाळावर, केसांच्या कडेला लावतो. दुसऱ्या अंकात राजा फेटा बांधून येतो आणि फेट्याचा पदर माईकवर येतो. आवाज चादरीआडून आल्यासारखा होतो. जुन्या सीनमध्ये यासाठी वेगळा ईक्यू होता, आणि आम्ही तो सगळ्यांबरोबर बंद करून बसलो होतो. पहिल्याच प्रयोगात राजा दरबारात आला तो कोंदटलेला. ऑपरेटरने हाताने वरचा भाग उचलला, पुढच्या प्रवेशात फेटा उतरल्यावर तोच आवाज कर्कश झाला.

एका चॅनेलचा ईक्यू सेफमधून मोकळा करायचा सोपा मार्ग होता. नाही केला. एका चॅनेलला अपवाद दिला की महिन्याभरात चार होतात. त्याऐवजी राजाचा एकच रिसीव्हर दोन चॅनेलवर पॅच केला, म्हणजे जोडला: एक "राजा", एक "राजा फेटा". दोघांचे ईक्यू वेगळे आणि दोन्ही सेफ. सीन फक्त सांगतो की आता यातला कुणी हजर. चॅनेल 32 होती, वापरात एकोणीसच होती, त्यामुळे परवडलं. एक पथ्य पाळावं लागतं: दोन्हींचा माईकचा गेन एकच असतो, एकावर हलवला की दुसऱ्यावरही हलतो; आणि दोन्ही एकदम चालू राहिली तर आवाज एकदम चढतो.

दुसरा प्रश्न वन्स मोअरचा, आणि हा मला कोणत्याही मॅन्युअलमध्ये सापडला नसता. डीसीएची जोडणी बदलताना चालू माईकची पातळी क्षणभर हलू शकते. म्हणून ऑपरेटरला मीच सांगितलं होतं की सीन टाळ्यांमध्ये दाबायचा, म्हणजे कुणाला कळत नाही. एका प्रयोगाला दुसऱ्या अंकातल्या पदानंतर टाळ्या पडल्या, त्याने पुढचा सीन दाबला, आणि टाळ्यांतून "वन्स मोअर!" आलं. काकांनी ऑर्गनवर मुखड्याचे सूर धरले, गायिकेने श्वास घेतला. इकडे तिचा रिव्हर्ब गेलेला, आणि तिसऱ्या डीसीएवर तिच्या जागी प्रधान येऊन बसलेला.

त्याने मागचा सीन दाबला. एका बटणात सगळं परत आलं, कारण परत येण्यासारखं फारसं काही सीनमध्ये नव्हतंच. गायिकेचा पहिला शब्द जरा कोरडा गेला, बस्स. महिन्यापूर्वी हेच झालं असतं तर मागच्या सीनबरोबर मुंबईही आली असती.

तरीही नियम बदलला. पदानंतरचा सीन टाळ्यांवर जात नाही. पुढचं गद्य बोलणारा नट गायिकेकडून तोंड फिरवतो किंवा पहिलं पाऊल टाकतो, त्यावर जातो. पदांनंतरच्या दोन सीनमध्ये रिव्हर्ब हळूहळू उतरवणारा सहा सेकंदांचा फेड होता, तोही काढला. फेडचा वेळ क्यूएलमध्ये 60 सेकंदांपर्यंत देता येतो आणि कागदावर तो सुंदर दिसतो, पण आलाप किती लांबेल हे त्या रात्रीच्या गळ्यावर आणि त्या रात्रीच्या प्रेक्षकांवर ठरतं. यावर माझा आणि ऑपरेटरचा अजून वाद आहे. त्याच्या मते एका ठिकाणी फेड हवाच, कारण तिथे त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात.

वेगळं काय करता आलं असतं

"फेडर आपोआप वर येतात" हे वाक्य माझ्यापर्यंत आलं होतं. मिक्सर काही आपोआप करत नाही. आम्ही त्याला जे सांगितलं तेच तो इमानाने करत होता. त्या दिवशी दहा मिनिटं बसून दोन सीनचे गेन शेजारी ठेवून पाहिले असते तरी कळलं असतं. प्रिव्ह्यू मोडमध्ये, चालू आवाजाला धक्का न लावता, पुढच्या सीनमध्ये काय आहे ते पाहता येतं. त्या रात्री साउंड चेकनंतर एवढं जरी केलं असतं, तरी सीन 2 मधला 8 डीबीचा फरक डोळ्यांसमोर आला असता.

रंगीत तालमीत साठवायला सुरुवात करण्याआधी सेफची यादी ठरवायला हवी होती. आम्ही आधी साठवलं आणि मग काढत बसलो. दोन दिवस गेले त्यात. आधी ठरवलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं.

वायरलेस बदलला तेव्हा मी ऑपरेटरला फोनवर सांगितलं, "गेन थोडे कमी कर." कुठे कमी कर, एका सीनमध्ये की सगळ्यांमध्ये, हे बोललोच नाही. त्याच्या डोक्यातही आलं नाही, माझ्याही नाही.

आणि पहिल्या अंकात, फेडर पुन्हा पुन्हा वर जाताना दिसत असताना, मी तो मुलगा गडबडलाय असं समजून मागे उभा राहिलो. सीन 3 लाच जाऊन विचारलं असतं तर पदाआधी आमच्याकडे सात-आठ मिनिटं होती. सीन सोडून हाताने करायचा निर्णय तेव्हा झाला असता, आणि साईड फिल बंद करावे लागले नसते.

सध्या फाईलमध्ये 26 सीन आहेत. दिग्दर्शकांनी एक पद कापलं. त्याचा क्रमांक ऑपरेटरने रिकामा ठेवलाय. म्हणतो, "ते परत घेतील." मिक्सरच्या कडेला पांढऱ्या टेपवर त्याच्या अक्षरात तीन ओळी आहेत: आधी एक नंबर, मग सेफ. फेटा बघ. ताईंचा ऑर्गन.